सोडतीचे बक्षीस आणि सेवेची देणगी
सॅक, तंबू, स्लीपिंग बॅगच्या 'लकी ड्रॉ'तून निधी उभारण्यापूर्वी हे वाचा

खास प्रतिनिधी
खडकी (पुणे) : 'शंभर रुपयांचे कूपन घ्या, गिर्यारोहणाची सॅक आणि तंबू जिंका, जमणारी सर्व रक्कम अपंग सैनिकांसाठी.' असे आवाहन कानी आले, की पुणेकरांचा हात खिशाकडे जातो. डोंगरभटकंतीची हौस आणि सैनिकांविषयीचा आदर या दोन्ही गोष्टी या शहरात मुबलक आहेत. खडकीत तर त्या एकमेकींच्या शेजारीच नांदतात. एकीकडे सह्याद्रीच्या वाटा तुडवणारी तरुण मंडळी, तर दुसरीकडे युद्धात वा सेवेत असताना जायबंदी झालेल्या जवानांना आधार देणाऱ्या संस्था.

हेतू कितीही चांगला असला, तरी पैसे घेऊन कूपन विकणे आणि चिठ्ठी काढून बक्षीस देणे या कृतीला कायद्यात 'लॉटरी' म्हणतात. महाराष्ट्रात शासनाच्या अधिकृततेखेरीज ती चालवता येत नाही. मात्र त्याच वस्तूंच्या आणि त्याच उत्साहाच्या बळावर निधी उभारण्याचे सरळ मार्ग उपलब्ध आहेत. आयोजक, देणगीदार आणि बक्षीस पुरवणारे दुकानदार या तिघांनाही उपयोगी पडेल अशी ही माहिती.

खडकीतील दोन संस्था

खडकी हे नाव इतिहासात ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात झालेल्या लढाईमुळे आले. पुढे येथे छावणी वसली, १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना सुरू झाला आणि बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या गटाचे हे मुख्य ठिकाण बनले. लष्कराशी असलेल्या या नात्यामुळेच जायबंदी जवानांसाठी काम करणाऱ्या दोन महत्त्वाच्या संस्था येथे उभ्या राहिल्या.

पहिली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावून परतलेल्या भारतीय सैनिकांना एखादे कौशल्य शिकवून पुन्हा कमावते करावे, या हेतूने १९१७ मध्ये मुंबईत ती सुरू झाली. मुंबई प्रांताच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. नंतर संस्था खडकीला आली आणि अपंग सैनिकांना व्यावसायिक प्रशिक्षण देण्याचे तिचे काम शंभर वर्षे उलटूनही सुरू राहिले.

दुसरी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर. मज्जारज्जूला इजा झाल्याने ज्यांचे कमरेखालचे किंवा मानेखालचे शरीर लुळे पडले आहे, अशा सैनिकांसाठी १९७४ मध्ये हे केंद्र सुरू झाले. या अवस्थेतील माणसाला केवळ औषधोपचार पुरत नाहीत. चाकाची खुर्ची, रोजची शुश्रूषा, व्यायाम, खेळ, हाताला काम आणि सोबत यांची गरज आयुष्यभर असते. दोन्ही संस्थांना नागरिकांच्या देणग्यांचा आधार मोलाचा वाटतो.

म्हणूनच 'सैनिकांसाठी' म्हणून गोळा होणारा पैसा अशा संस्थांपर्यंत खरोखर पोहोचतो का, किती पोहोचतो आणि कोणत्या मार्गाने पोहोचतो, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. कूपनाचा व्यवहार सदोष निघाला, तर त्याचा डाग ज्या संस्थेचे नाव पुढे केले गेले तिच्यावरही पडतो.

सोडतीचा जुना इतिहास

सार्वजनिक कामासाठी सोडत काढण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. कोलकात्याचा टाऊन हॉल १८१३ मध्ये लॉटरीच्या पैशांतून उभा राहिला. १८१७ मध्ये तेथे खास लॉटरी समिती नेमण्यात आली आणि शहरातील अनेक रस्ते व तलाव तिच्या निधीतून झाले. मात्र खासगी सोडतींचा सुळसुळाट वाढल्यावर १८४४ मध्ये सरकारने अधिकृत नसलेल्या लॉटऱ्यांवर कायद्याने बंदी घातली. १८७० मध्ये भारतीय दंड विधानात त्यासाठी स्वतंत्र कलमही आले. शासनाने काढलेली किंवा मान्य केलेली सोडत चालेल, इतरांची नाही, ही भूमिका तेव्हापासून आजवर कायम राहिली आहे.

प्रवासाशी संबंधित वस्तूंची बक्षिसे ठेवून सेवाकार्यासाठी पैसे उभारण्याची पद्धत अलीकडच्या काळात अमेरिकेत रुजली. सिएटल येथील चार प्रवासलेखिकांनी २००८ मध्ये 'पासपोर्ट्स विथ पर्पज' हा उपक्रम सुरू केला. प्रवासी कंपन्या आणि हॉटेले बक्षिसे मोफत देत. वाचक दहा डॉलर देऊन आपल्या आवडीच्या बक्षिसासाठी नाव नोंदवत आणि जमलेली रक्कम दरवर्षी एका संस्थेला दिली जाई. २००९ चा निधी कंबोडियातील शाळेसाठी गेला. २०१० चा निधी तर थेट भारतात आला. तमिळनाडूत भूमिहीन कुटुंबांसाठी काम करणाऱ्या 'लाफ्टी' या संस्थेमार्फत घरे बांधण्यासाठी तो देण्यात आला. कृष्णम्माल आणि शंकरलिंगम जगन्नाथन या सर्वोदयी दांपत्याने १९८१ मध्ये ही संस्था स्थापन केली होती. २००८ मध्ये त्यांना 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार मिळाला.

या उपक्रमाचे यश एका साध्या गोष्टीत होते. बक्षिसे दान म्हणून आलेली असल्याने त्यांचा खर्च निधीतून वजा होत नसे. परदेशातील ही पद्धत पाहून आपल्याकडेही तसेच करण्याचा मोह होतो; पण दोन्हीकडचे कायदे वेगळे आहेत. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये २००५ च्या जुगार कायद्यानुसार सेवाभावी संस्थांच्या सोडतीला स्वतंत्र स्थान आहे. छोट्या संस्था स्थानिक परिषदेकडे नोंदणी करून ती काढू शकतात आणि जमलेल्या रकमेपैकी किमान २० टक्के वाटा सत्कार्याला देणे बंधनकारक असते. आपल्याकडे सेवाभावी सोडतीसाठी अशी सोपी नोंदणीची वाट नाही.

कायदा काय सांगतो?

एखादी योजना लॉटरी आहे की नाही, हे ठरवताना तीन घटक पाहिले जातात : सहभागासाठी मोजलेली किंमत, बक्षीस आणि निव्वळ योगायोगाने होणारी निवड. हे तिन्ही एकत्र आले, की ती लॉटरी. मग तिला 'लकी ड्रॉ' म्हणा, 'रॅफल' म्हणा, 'भाग्यवान देणगीदार योजना' म्हणा किंवा कूपनावर 'देणगी' असा शिक्का मारा. १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्यातील व्याख्येतच 'कोणत्याही स्वरूपातील व कोणत्याही नावाची' योजना असे शब्द आहेत.

या कायद्यानुसार राज्य सरकारलाही अटी पाळूनच लॉटरी काढता येते. तिकिटावर राज्याचे बोधचिन्ह हवे, सोडत राज्यानेच काढायला हवी आणि विक्रीची रक्कम राज्याच्या खात्यात जमा व्हायला हवी. कायद्याच्या विरोधात काढलेल्या लॉटरीची तिकिटे विकणारा, वाटणारा आणि खरेदी करणाराही शिक्षेस पात्र ठरू शकतो. ही शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, दंड किंवा दोन्ही अशी आहे. महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ रोजी सुरू झाली, ती शासनाचा उपक्रम म्हणून. तिचे उदाहरण देऊन खासगी सोडतीचे समर्थन करता येत नाही.

राज्याचा स्वतंत्र कायदाही आहे. तत्कालीन मुंबई राज्याने १९५८ मध्ये लॉटऱ्यांवर नियंत्रण आणि बक्षीस स्पर्धांवर कर यासाठी अधिनियम केला. त्यातील अपवाद थोडे आणि अटींनी बांधलेले आहेत. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ नुसार, राज्याची नसलेली वा राज्य सरकारने अधिकृत न केलेली लॉटरी काढण्यासाठी कार्यालय किंवा जागा ठेवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अशा सोडतीची जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यालाही पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे फलक लावणारा आणि निरोप पुढे पाठवणाराही निर्धास्त राहू शकत नाही.

सोसायट्यांच्या मेळाव्यांत आणि उत्सवांत असे प्रकार सर्रास दिसतात, हे खरे. पण सर्रास चालते म्हणून ते वैध ठरत नाही. तिकिटे छापण्यापूर्वी वकिलाचा लेखी सल्ला घेणे हा शहाणपणाचा भाग आहे.

नशीब आणि कौशल्य

योगायोगाऐवजी कौशल्यावर निकाल ठरत असेल, तर चित्र बदलते. हा भेद स्पष्ट होण्यामागे एक वृत्तपत्रीय इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात शब्दकोड्यांच्या स्पर्धांना वाचकांचा प्रचंड प्रतिसाद मिळे. बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकामार्फत चमारबागवाला यांची अशीच स्पर्धा चाले आणि मुंबई राज्यातही तिचे असंख्य स्पर्धक होते. त्यावर मुंबई सरकारने घेतलेल्या हरकतीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने १९५७ मध्ये निकाल दिला, की जुगार हा व्यापार नव्हे, त्याला व्यवसायस्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षण नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निकालात, ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते, ती जुगारात मोडत नाही, हेही स्पष्ट झाले.

याचा आजचा अर्थ असा : दुर्गांची छायाचित्रस्पर्धा, प्रवासवर्णनाची निबंधस्पर्धा किंवा नकाशावाचनाची चाचणी घेऊन प्रवेशशुल्क आकारले आणि परीक्षकांनी ठरवलेल्या गुणांवर तंबू बक्षीस दिला, तर ती सोडत होत नाही. मात्र दहा जणांचे गुण सारखे आले म्हणून चिठ्ठी टाकली, की योगायोग मागल्या दाराने आत येतो. बरोबरी सुटण्याचा नियम आधीच, तोही गुणवत्तेवर आधारित, लिहून ठेवावा. 'सिंहगड कोणत्या जिल्ह्यात आहे?' असा कोणालाही येणारा प्रश्न विचारून नंतर सोडत काढणे ही तर कौशल्याची निव्वळ बतावणी होय.

हिशेबाची बाजू

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब पाहण्याजोगा आहे. समजा, शंभर रुपयांची पाचशे कूपने विकली गेली. जमा झाले ५० हजार रुपये. सॅक, तंबू आणि स्लीपिंग बॅग असा संच २० हजारांचा, छपाई व इतर खर्च तीन हजार. संच विकत आणला असेल, तर सेवाकार्यासाठी उरतात २७ हजार, म्हणजे शंभर रुपयांतले ५४. दुकानदाराने संच भेट दिला असेल, तर उरतात ४७ हजार. 'सर्व रक्कम सैनिकांसाठी' या शब्दांमागे यांपैकी कोणता हिशेब आहे, हे कूपन घेणाऱ्याला क्वचितच सांगितले जाते.

विजेत्यालाही बक्षीस अगदी फुकट पडत नाही. लॉटरी आणि तत्सम बक्षिसांवर प्राप्तिकर ३० टक्के दराने, अधिक उपकर, असा आकारला जातो. त्यातून खर्चाची वजावट मिळत नाही आणि उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असले तरी सूट नाही. बक्षीस दहा हजार रुपयांहून अधिक असेल, तर देणाऱ्याने उगमातच कर कापायचा असतो. बक्षीस वस्तुरूपात असल्यास कर भरल्याची खात्री झाल्याशिवाय ते हाती द्यायचे नसते. वरील उदाहरणातील २० हजारांच्या संचावर सहा हजार रुपये आधी भरावे लागतील. ते विजेत्याने भरायचे की आयोजकाने, याचा उल्लेख सहसा कोठेच नसतो आणि वाद तेथेच सुरू होतो.

देणगी की खरेदी?

कूपन घेणाऱ्यांचा आणखी एक समज असतो, की आपल्याला करसवलतीची पावती मिळेल. प्राप्तिकर कायद्यातील '८०-जी' म्हणून परिचित झालेली सवलत निखळ देणगीसाठी आहे. ज्या रकमेच्या बदल्यात बक्षिसाची संधी घेतली, ती निखळ देणगी राहत नाही. सवलतीचे इतर नियमही लक्षात ठेवायला हवेत. वस्तुरूपातील देणगीला ती मिळत नाही. म्हणजे नवा तंबू संस्थेला भेट दिला, तर त्याच्या किमतीवर करवजावट नाही. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीलाही ती नाही. कमी दरांची नवी करप्रणाली स्वीकारलेल्या व्यक्तीला या सवलतीचा लाभ होत नाही. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेने देणगीदारांचे विवरण प्राप्तिकर खात्याकडे भरणे आणि देणगीदाराला प्रमाणपत्र देणे आवश्यक झाले आहे. नुसती पावती पुरेशी नाही.

पैसे गोळा करणाऱ्यांचा अधिकारही पाहावा. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी नसलेल्या मंडळाला वा गटाला धर्मादाय कामासाठी वर्गणी जमवायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क नुसार धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळांना हे कलम चांगले परिचयाचे आहे. ट्रेकिंगच्या मित्रमंडळालाही ते लागू होते, याची जाणीव मात्र कमी असते.

परदेशस्थ मराठी कुटुंबे अशा आवाहनांना मनापासून प्रतिसाद देतात. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेली बचत परकीय देणगी ठरत नाही. पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी, मूळ भारतीय असले तरी, परकीय मानली जाते. ती स्वीकारण्यासाठी संस्थेकडे २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी.

सरळ मार्ग कोणते?

बक्षीस आणि देणगी यांची गाठ सोडवली, की बहुतेक अडचणी दूर होतात. त्यासाठी रुळलेले पर्याय असे :

लिलाव : वस्तू सर्वाधिक बोली लावणाऱ्याला मिळते, योगायोगाला जागा नाही. पंतप्रधानांना मिळालेल्या भेटवस्तूंचा लिलाव २०१९ पासून 'नमामि गंगे' योजनेसाठी करण्यात आला. २०२१ च्या लिलावात ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता नीरज चोप्रा याच्या भाल्याला दीड कोटी रुपयांची बोली मिळाली. एखाद्या नामवंत गिर्यारोहकाने मोहिमेत वापरलेली सॅक किंवा बर्फकुऱ्हाड अशीच लिलावात ठेवता येईल. नव्या वस्तूपेक्षा तिचे मोल अधिक ठरण्याचीच शक्यता जास्त.

प्रत्येकाला स्मृतिचिन्ह : ठरावीक रक्कम देणाऱ्या प्रत्येकाला टोपी, पाण्याची बाटली किंवा किल्ल्याचा नकाशा द्यावा. याचे सर्वांत जुने देशी उदाहरण सैनिकांचेच आहे. १९४९ पासून दर वर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. छोटासा ध्वज छातीवर लावायचा आणि यथाशक्ती निधी द्यायचा. ध्वज प्रत्येकाला मिळतो. हरणारा कोणीच नसतो.

सहभागातून निधी : २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने ही पद्धत देशात रुजवली. धावपटू एखाद्या संस्थेसाठी परिचितांकडून देणग्या जमवतो आणि त्या थेट त्या संस्थेला मिळतात. सिंहगड किंवा राजगडाच्या चढाईला हाच नियम लावता येतो. साहित्य पुरवणारा दुकानदार येथे प्रायोजक होतो.

कौशल्यस्पर्धा : वर सांगितलेल्या अटींसह.

साहित्यच दान : अनेक घरांत एकदाच वापरलेली सॅक आणि तंबू माळ्यावर पडून असतात. ते गोळा करून विक्री मांडावी आणि उत्पन्न संस्थेला द्यावे. घेणाऱ्याला वस्तू स्वस्तात मिळते, संस्थेला निधी मिळतो.

पूर्ण विनामूल्य सोडत हाही एक पर्याय सांगितला जातो. त्यात किंमत मोजण्याचा घटक नसल्याने ती लॉटरीच्या व्याख्येबाहेर राहते. पण देणगी देणाऱ्यांना अधिक चिठ्ठ्या आणि न देणाऱ्यांना एकच, असे केले की किंमत पुन्हा आली. शिवाय व्यापारवृद्धीसाठी सोडत काढणे, हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथेत मोडू शकते. विनामूल्य बक्षीस योजनेचा अंतिम निकाल सहभागींना न कळवणेही याच सदरात येते. ज्या वृत्तपत्रांत योजनेची जाहिरात दिली, त्यांतच निकाल ठळकपणे प्रसिद्ध केल्यास तो कळवला असे मानले जाते. दुकानदारांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

सैनिकांसाठी दिलेल्या शंभर रुपयांमागे बक्षिसाची आशा असण्यात गैर काही नाही. ती मानवी आहे. पण त्या आशेवर उभा केलेला व्यवहार कायद्यात बसणारा नसेल, तर सर्वांत मोठा तोटा ज्यांच्यासाठी तो केला त्यांचाच होतो. खडकीतील संस्थांना एका दिवसाच्या गर्दीपेक्षा वर्षानुवर्षे येणाऱ्या छोट्या, नोंद असलेल्या देणग्यांची गरज अधिक आहे.

चौकट : कूपन हाती आले तर

• कोणत्या संस्थेसाठी पैसे जमवले जात आहेत, तिचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा. त्या संस्थेकडे थेट चौकशी करा.
• बक्षीस सोडतीने मिळणार असेल, तर शासनाची अधिकृतता दाखवण्यास सांगा.
• देणगी द्यायचीच असेल, तर ती धनादेशाने किंवा बँकेमार्फत संस्थेच्याच नावे द्या. व्यक्तीच्या खात्यात भरू नका.
• बक्षीस विकत आणले आहे की भेट मिळाले आहे आणि कर कोण भरणार, हे आधी विचारा.
• 'तुम्हाला बक्षीस लागले आहे, आधी कर किंवा शुल्क पाठवा' असा दूरध्वनी वा संदेश आल्यास पैसे पाठवू नका. फसवणूक झाल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर तातडीने कळवा.
• दुकानाच्या बक्षीस योजनेबाबत तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.